नदीकाठचा आग्रह

माझी सून कौमुदी पाण्याला घाबरत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, घाबरली हो बिचारी. ती घाबरली नव्हती. तिनं नाही म्हटलं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि माझ्या घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना त्यातला फरक कळत नाही, म्हणून मी रागावलेली आहे. जानेवारीत, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यात रागावले, आता थंडी पडायला लागली तरी उतरत नाही. यतीन, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो, "आई, बीपी वाढेल." वाढू दे. सून फार्मसिस्ट आहे, गोळ्या आणून देईल.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात 'आपल्यातली माणसं' म्हणून एक पान असतं. ते मृदुला बघते. ती मला म्हणाली, "काकू, यंदा कौमुदीवर तुम्हीच लिहा. आपली मराठी बाई डोंगरातल्या नद्यांवर कयाक चालवते, किती कौतुकाचं! छान गोड लिहा." जमेल तेवढं गोड लिहीन. माझं शिक्षण चौथीपर्यंत, ते पण गुरुजी हजर असतील त्या दिवशीच. मृदुलाला काय दुरुस्त करायचं ते तिनं करावं. राग तेवढा दुरुस्त करू नये.

कौमुदी नाशिकची. शिकायला म्हणून ख्राइस्टचर्चला आली. तेव्हा कॉलेज सुटलं की एका हॉटेलात भांडी घासायची. लग्नाआधी मला भेटायला आली तेव्हा मी तिचे हात बघितले. बोटं खरखरीत, नखं झिजलेली. मी मनात म्हटलं, ही चालेल. पुढं परीक्षा दिल्या, पास झाली, आता रिकार्टनजवळच्या फार्मसीत असते. दिवसभर काउंटरमागं उभी. येणारा प्रत्येकजण औषध कमी घेतो आणि गाऱ्हाणं जास्त सांगतो. ही सगळ्यांचं ऐकते. घरी आली की फोन सुरू. शनिवारी दुसऱ्याच्या ऐवजी येशील का? हो. मंडळाच्या गणपतीला मोदकांचं सारण करशील का? हो. यतीनचे मित्र आठवडाभर राहायला येतायत, चालेल ना? हो. मी पण त्याच रांगेतली. माझे गुडघे दुखले की मी हाक मारणार आणि ती तेल कोमट करून आणणार. तिच्या तोंडून नाही असं मी कधी ऐकलंच नव्हतं. मला वाटायचं, स्वभाव आहे. काही माणसांचा असतो.

तिच्या फार्मसीत शर्ली नावाची एक गोरी म्हातारी यायची. माझ्याच वयाची, पण दंड असे की माझ्या दोन मांड्या. तिनं एकदा काउंटरवरूनच कौमुदीला सांगितलं, "तुझा चेहरा बघ जरा आरशात. माझ्याबरोबर स्विमिंग पूलला चल." कौमुदीनं सवयीप्रमाणे हो म्हटलं. या एका हो पायी सगळं झालं.

पहिल्या दिवशी मी बघायला गेले. बघते तर बोट उलटी आणि माझी सून पाण्यात डोकं खाली करून टांगलेली! मी ओरडलेच. शर्ली म्हणाली, "किया ओरा," म्हणजे इकडचा नमस्कार, "बस बस, हाच पहिला धडा." ही लोकं कमरेला रबराचा एक घागरा घालतात. घागऱ्याचा घेर बोटीच्या तोंडावर घट्ट बसवतात, म्हणजे आत पाणी येत नाही. बोट उलटली की पाण्याखाली घागऱ्याचं नाडं ओढायचं आणि बाहेर यायचं. किंवा वल्ह्याचा झटका देऊन बोटीसकट सरळ व्हायचं. कौमुदी ते शिकली. वर आली तेव्हा नाकातोंडातून पाणी, केस चिकटलेले आणि हसत होती. आमच्या घरात ती हसते, पण ते पाहुण्यांसाठी असतं. हे तसलं नव्हतं.

मग ती शर्लीबरोबर नदीवर जायला लागली. आधी सोप्या, मग जरा खळखळत्या. एकदा मी विचारलं, "एवढं काय गं आहे त्या नदीत?" तर म्हणाली, "आई, तिथं मला कुणी काही विचारत नाही."

मला वाटलं थट्टा करते. मग तिनं नीट सांगितलं. नदीत अवघड जागा आली, म्हणजे पाणी दगडावरून खाली कोसळतंय, की सगळे आधी काठाला लागतात. उतरून ती जागा बघतात. मग प्रत्येकानं आपलं आपण सांगायचं, मी जाणार किंवा मी नाही जाणार. नाही म्हणेल त्यानं बोट खांद्यावर घ्यायची आणि काठानं चालत पुढं जायचं. त्याला कुणी का म्हणून विचारत नाही. तोंड वाकडं करत नाही. शर्ली एवढी जुनी, तरी कितीदा म्हणते, आज नको, आणि बोट उचलून चालायला लागते. बाकीचे म्हणतात, स्वीट ॲज, म्हणजे इकडच्या बोलीत झकास. विषय संपला.

"एकदा नाही म्हटलं की संपतं, आई," कौमुदी म्हणाली. हे सांगताना ती माझ्यासाठी तेल कोमट करत होती. मी तिथंच उठून जायला पाहिजे होतं, पण गुडघा दुखत होता.

तर तिची अशी एक जागा होती. एकच. आणि तिथं आमची माणसं पोचली.

आधी यतीन. बायको करते म्हटल्यावर हा कसा मागं राहील? वर्षभरात शिकला आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलायला लागला. मग त्याचा पुण्याच्या कॉलेजातला मित्र शुभंकर. तो वेलिंग्टनला सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरचं काहीतरी बघतो. त्याची बायको ऋग्वेदा, ती पण शिकली, आणि पोरगी चांगली चपळ आहे. दर उन्हाळ्यात हे दोघं फेरीबोटीनं समुद्र ओलांडून इकडं येणार, गाडीच्या टपावर बोटी बांधायच्या आणि चौघांनी आठवडाभर या नदीवरून त्या नदीवर हिंडायचं. माणसं वाईट नाहीत. मला काकू काकू करतात, येताना फुलं आणतात. पण यांनी बोटींबरोबर आणखी एक वस्तू नदीवर नेली. आग्रह.

आता आग्रहातलं मला सांगू नका. मी त्यात पटाईत आहे. आमच्या कराडकडं पंगतीत वाढपी पुढं सरकला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पाहुणा नको म्हणतो, ती रीत आहे. पुन्हा नको म्हणतो, ते वळण आहे. त्याच्या आडव्या हातावरून जिलबी ताटात टाकायची, ही आपली माया. पाहुण्याला पण ठाऊक असतं, आपलं नको कुणी खरं धरणार नाही, म्हणून तो पोटात जागा ठेवूनच नको म्हणतो. सासऱ्यांनी तर जावयाला तोंड धरून लाडू भरवलेला मी बघितलाय. कुणी मरत नाही त्यानं. फार तर सोडा प्यावा लागतो.

नदीवर सोडा चालत नाही.

मागच्या वर्षी हे चौघं मर्चिसनच्या बाजूला गेले होते. मर्चिसन म्हणजे डोंगरातलं छोटं गाव, एक रस्ता, एक डेअरी म्हणजे किराणाचं दुकान, आणि चारी बाजूंनी नद्या. त्यातल्या एका नदीवर एक जागा आहे. नदीचं नाव माओरी आहे, कौमुदीनं मला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मी पुन्हा पुन्हा विसरले. तिथं दोन काळ्या दगडांमधून पाणी एकदम खाली पडतं. कौमुदीनं बघितलं आणि नाही म्हणाली. शुभंकर म्हणाला, अहो वहिनी, चला. ती नाही म्हणाली. यतीन म्हणाला, अगं काय तू, मी आहे ना. मग ती गेली. खाली पाण्यानं वल्हं मागं ओढलं आणि तिचा उजवा खांदा सांध्यातून निखळला.

मी तेव्हा घरी होते. दारात आली ती गळ्यात हात बांधून. पुढं कितीतरी दिवस तिला वेणी मी घालत होते. औषधाची खोकी उचलता येईनात म्हणून फार्मसीत तिला नुसतं खुर्चीवर बसवलं. डॉक्टरांनी सांगितलं, बरा होईल, पण पुन्हा निखळला तर ऑपरेशन करून खिळे मारावे लागतील, आणि मग बोटीचं नाव काढायचं नाही. हे मी माझ्या कानानं ऐकलंय. विश्वनाथ डॉक्टर आपल्या सोलापूरचे, मराठीतूनच सांगितलं. यतीन पण शेजारी बसला होता.

वर्षभर ती रबराच्या पट्ट्या दाराच्या मुठीला बांधून ओढत बसली. सकाळ-संध्याकाळ. मला वाटायचं दार एक दिवस हातात येईल. आणि या जानेवारीत म्हणाली, "मी परत जाणार." मी अडवलं नाही. तिची एकच जागा होती ना.

या वेळी मला पण गाडीत घातलं. नात अबोली सुट्टीतल्या कॅम्पला गेलेली. फोनवर म्हणते, "आजी, यू आर गोइंग कयाकिंग? स्वीट ॲज!" मी एकटी घरी कशी राहणार, असं यतीन म्हणाला. खरं म्हणजे त्यांना शेंगोळ्या हव्या होत्या. हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या, यतीनचा जीव की प्राण. हुलगे रिकार्टनच्या दुकानात मिळतात, पीठ मी मिक्सरवर काढते. ते पीठ, लसूण, तिखटाचा डबा आणि मी, असे सगळे मागच्या सीटवर. टपावर चार बोटी उलट्या बांधलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी मोठाली वांगी बाजाराला नेतंय.

डोंगरातला रस्ता सुरेख होता, ते लिहिते, मृदुलाला बरं वाटेल. कॅम्पवर मात्र सँडफ्लाय. चिलटाएवढी माशी, पण चावली की रक्त काढते. मी जँडल्सवर, म्हणजे रबरी चपलांवर गेले होते, पहिल्या तासात पाय सुजले. कौमुदीनं मला तिचे मोजे दिले आणि मलम लावलं. लावता लावता मला नदीवरच्या खुणा शिकवल्या, कारण मी दिवसभर काठावर बसणार. पाण्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून वल्ह्यानं बोलतात. "वल्हं उभं धरलं, की या. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं, की थांबा. आडवं दिसलं की जो असेल त्यानं थांबायचंच. का ते नंतर."

"आणि नाही थांबला तर?"

"थांबतातच, आई. त्यात चालढकल नसते."

पहिले दोन दिवस छान गेले. ती पाण्यात अशी चालली होती की वल्हं लागतंय की नाही कळू नये. तिसऱ्या दिवशी चौघं मागच्या वर्षीच्या त्या जागेवर गेले. रस्ता नदीच्या वरूनच जातो, तिथून लाकडी पायऱ्या खाली दगडांपर्यंत येतात. मी थर्मास घेऊन काठीच्या आधारानं आधीच उतरून बसले होते. चौघं वरून आले, काठाला लागले, बोटी दगडावर ओढल्या आणि ती जागा बघायला माझ्यापाशी आले. यतीननं आपलं पिवळं वल्हं माझ्या शेजारी दगडाला टेकून ठेवलं.

पाणी त्या दोन दगडांमधून जात होतं. मला ते बघून आमच्याकडची पिठाची गिरणी आठवली. वरून धान्य जातं ते ओळखू येतं, खालून येतं ते नाही.

कौमुदीनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मी नाही जात. मी चालत येते. तुम्ही जा, मी खाली दोरी घेऊन थांबते."

संपलं. तिच्या शर्लीच्या नदीवर एवढ्यावर संपलं असतं. पण आम्ही कराडचे आणि पुण्याचे ना!

"अगं, खांदा आता ठणठणीत आहे ना?" यतीन म्हणाला.

"आहे. पण नाही जायचं मला."

शुभंकर हसला. "अहो वहिनी, आम्ही समुद्र ओलांडून आलो आणि तुम्ही अर्ध्यावर पंगत सोडून उठता?"

पंगत! त्याच्याच तोंडचा शब्द, मी घातलेला नाही.

"तू जा ना शुभंकर. मी कुठं अडवलंय?"

"तुमच्याशिवाय मजा नाही हो."

"कौमुदीताई, मी पुढं जाते," ऋग्वेदा म्हणाली. पोरीनं लाडानं हिचा हात धरला. "तुम्ही माझ्या मागं मागं या. अगदी डोळे मिटून."

"डोळे मिटून?" कौमुदी म्हणाली. "इथं?"

"अगं म्हणायची पद्धत असते ती," यतीन म्हणाला. "कौमुदी, ऐक. मागच्या वर्षीची भीती एकदा मनातून निघाली पाहिजे. आज नाही गेलीस तर कायम राहील. एकदाच जा. माझ्यासाठी."

माझ्यासाठी! हा आवाज मी ओळखला. तो माझाच आहे. तोंड भरलेल्या पाहुण्याच्या ताटात शेवटची पोळी टाकताना मी असंच म्हणते, एवढी एक, माझ्यासाठी. पोरानं माझ्याकडून एवढंच उचललं म्हणायचं. भांडी विसळायला शिकला नाही, हे शिकला.

कौमुदी डाव्या हातानं उजवा खांदा चाचपत होती, तिला कळत पण नसेल. मग तिनं तो चेहरा केला. मी तो चेहरा रोज बघते. फोन ठेवायच्या आधी, शनिवारी कामाला येईन म्हणायच्या आधी, मोदकांच्या सारणाच्या आधी.

"बरं," ती म्हणाली.

शुभंकरनं टाळी वाजवली. "ये हुई ना बात!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "अरे, ती नको म्हणाली ना? चांगलं दोनदा म्हणाली." तर यतीन म्हणतो, "आई, तुला यातलं कळत नाही. तू चहा काढून ठेव."

चहा काढून ठेव!

यतीन दोरीची पिशवी, पाण्यात पडलेल्याला फेकायची ती, घेऊन खालच्या अंगाला गेला. शुभंकर मोबाइल काढून उंच दगडावर चढला, व्हिडिओसाठी. ऋग्वेदा बोटीत बसली, गेली, खाली दिसेनाशी झाली आणि पुन्हा वर आली. खालून यतीनची शिट्टी. मग कौमुदी. वरच्या संथ पाण्यात तिची लाल बोट होती. तिनं घागरा बोटीवर बसवला, चारी बाजूंनी चाचपला, हेल्मेटचा पट्टा आवळला. वल्हं एकदा पाण्यात घातलं आणि निघाली.

मी ओरडून काय होणार होतं? पाण्याचा आवाज एवढा, की मलाच माझं ऐकू आलं नसतं. शेजारी यतीनचं वल्हं टेकलेलं. मी काठी खाली टाकली आणि ते उचललं. एवढं लांब, पण हलकं, वेळूसारखं. दगडावर उभी राहिले आणि दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं.

कौमुदीनं बघितलं.

तिनं असं काही वळवलं बोटीला, एका फटक्यात! काठाला लागली. नाडं ओढलं, बाहेर आली, दगडावर उभी राहिली. शुभंकरनं मोबाइल खाली केला. यतीन खालून पळत, घसरत वर आला. चेहरा पांढरा पडलेला.

"काय झालं? काय दिसलं? झाड अडकलंय का आत?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग सिग्नल का दिलास?"

"तुम्ही तिघं दिसलात म्हणून."

"आई, हा काय पोरखेळ आहे? किती सीरियस असतं हे तुला कळतं का? ती बरोबर लाइनवर होती! कौमुदी, काही नाहीये, आईचं काहीतरी आपलं. चल, बस परत."

कौमुदी तिथंच उभी होती. अंगावरून पाणी गळत होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, त्याच्याकडं बघत होती. आणि तिच्या आवाजात एवढा राग असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मी पहिल्यांदा नाही म्हणाले तेव्हाच संपलं होतं, यतीन," ती म्हणाली. "मग मला पुन्हा का विचारलंस?"

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी..."

"मागच्या वर्षी पण माझंच भलं होतं. तू डॉक्टरांसमोर बसला होतास. पुन्हा निखळला तर काय, ते तू ऐकलंस. तरी विचारलंस. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिघांनी मिळून."

शुभंकर म्हणाला, "वहिनी, आम्ही गमतीत..."

"मला गंमत नको, शुभंकर."

तिनं बोट उचलली, डाव्या खांद्यावर टाकली आणि दगडांवरून खाली चालायला लागली. कुणी मदतीला पुढं झालं नाही. बरं झालं, तिनं ती घेतली नसती.

आता तुम्हाला वाटेल, पुढं यतीन त्या पाण्यात आपटला असेल आणि त्याला अद्दल घडली असेल. मला पण वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, एखादा तरी उलटेल म्हणून मी थर्मास बाजूला ठेवून बघत बसले होते. पण यतीन लोण्यातून सुरी जावी तसा खाली गेला. शुभंकर गेला, आरोळ्या ठोकत. दोघांच्या केसाला धक्का नाही. कौमुदी खाली दोरी घेऊन उभी होती आणि दोरीला कुणी हात लावला नाही. नदीनं माझी बाजू घेतली नाही.

वर गाडीपाशी आल्यावर यतीन काय म्हणाला असेल? "बघ! काही झालं नसतं."

म्हणून तर माझा राग उतरत नाही. काही झालं नसतं, कबूल. ती पण लोण्यातून गेली असती. पण मग पुढल्या वेळी हे आणखी जोरात म्हणाले असते, बघ, उगाच नाही म्हणत होतीस. आणि तिचं नाही आणखी पातळ झालं असतं. मागच्या वर्षी खांदा निखळला तो चार माणसांना दिसला, त्याला पट्टा बांधला. हे जे दर वेळी थोडं थोडं निखळतं, त्याला कुणी पट्टा बांधत नाही. एवढं मी गाडीत यतीनला बोलले नाही, कारण मला तेव्हा सुचलं नाही. मी फक्त म्हटलं, "गप बस आणि समोर बघून चालव."

कॅम्पवर कौमुदी मला म्हणाली, "आई, तो सिग्नल उगाच द्यायचा नसतो. लोकांचा जीव असतो त्याच्यावर."

"उगाच नव्हता दिला."

ती टॉवेलनं केस पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "पुढच्या वेळी हात ताठ ठेवा. वाकडं होतं, मला नीट दिसेना."

रात्रीच्या जेवणाला शेंगोळ्या ठरलेल्याच होत्या. राग आला म्हणून मी स्वयंपाक बिघडवत नाही. कॅम्पचं स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून असतं. एका शेगडीवर मी, शेजारच्या शेगडीवर दोन जर्मन पोरी नुसता पास्ता उकळत होत्या, बरोबर काही नाही. मी पीठ मळलं, शेंगोळ्या वळल्या, लसणाची फोडणी दिली. वास सुटल्यावर सगळं कॅम्प दारातून डोकावून गेलं.

पानं घेतली. मी एकदा सगळ्यांना वाढलं. यतीन खाली मान घालून खात होता. वाटी संपली, मी पातेलं घेऊन पुढं गेले. त्यानं लहानपणापासूनच्या सवयीनं वाटीवर हात आडवा धरला. "नको आई, पुरे."

मी न वाढता पुढं सरकले.

त्याचा हात तसाच वाटीवर. वर बघायला लागला. आजवर मी तो हात बाजूला करून वाढत आलेय, त्याला दुसरं काही माहीतच नाही. शुभंकरपाशी गेले. "नको काकू, भरपूर झालं." बरं. ऋग्वेदापाशी गेले. "इश्श, नको नको." बरं. कौमुदीनं हे सगळं बघितलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं वाटी पुढं केली.

"आई, मला हवंय."

तिला वाढलं, काठोकाठ. मग ते निम्मं भरलेलं पातेलं घेऊन मी जर्मन पोरींकडं गेले आणि हातानं विचारलं, हवं का? दोघी एकदम म्हणाल्या, यस प्लीज. अख्खं पातेलं त्यांच्यापुढं ठेवलं. तिखटानं नाकं लाल झाली, पण पुसून खाल्लं हो पोरींनी.

"आई, अगं," यतीन म्हणाला, "मी ते नुसतं म्हणायचं म्हणून..."

"नको म्हणालास ना?"

"हो, पण..."

"मग झालं की. पुन्हा कशाला विचारायचं?"

कौमुदी शेंगोळ्या चावत होती, तेवढा आवाज. यतीननं पीनट बटर लावून पाव खाल्ला. शुभंकरनं पण.

सकाळी कौमुदी एकटी जाऊन नदी बघून आली. "आज वरचा भाग करते," म्हणाली. "खालचा नाही." शुभंकरनं तोंड उघडलं आणि मिटलं. यतीननं टपावरून तिची बोट उतरवली, पुसली, पाण्याच्या कडेला नेऊन ठेवली. सॉरी म्हणाला की नाही मला ठाऊक नाही, नवराबायकोचं मी ऐकत नाही. फार हळू बोलतात.

ती निघाली तेव्हा मी लाडवांचा डबा घेऊन तिच्याजवळ गेले. बेसनाचे, तिच्या आवडीचे, खास तिच्यासाठी आणलेले. म्हटलं, "दोन बरोबर देऊ का?"

"नको आई."

मी तिथंच उभी राहिले. एक घे गं, एवढासा तर आहे, पाण्यात दमशील, असं सगळं जिभेवर आलेलं. झाकण हातात. ती माझ्याकडं बघत थांबली होती.

मी डबा बंद केला. फार जड गेलं मला.